टेन्शन खरं, पण थिअरीचं काय?

‘लोड घेऊ नको यार!’ हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कोणीतरी आपल्याला ऐकवतंच. तिसऱ्यांदा ऐकवतात ते एचआरवाले, फक्त पॉवरपॉइंट लावून. पहिली स्लाइड, ताण म्हणजे काय. दुसरीवर एक कमान, थोडा ताण चांगला, फार ताण वाईट. तिसरीवर ‘तुम्ही टाइप ए आहात का?’ मग दहा प्रश्नांची बर्नआउट टेस्ट आणि शेवटी डोळे मिटून दीर्घ श्वास. डोळे उघडले की इनबॉक्समध्ये तेवढ्या वेळात साचलेले तीस मेल्स!

अशा वर्कशॉप्सना मी कामानिमित्त बऱ्याचदा बसलेय. ट्रेनर मंडळी छान बोलतात, जोक्स बरे असतात, चहासोबत कुकीजही मिळतात. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. हे सगळं शोधून कोणी काढलं, कशावरून काढलं, आणि पुन्हा तपासल्यावर ते टिकलं का?

प्रश्न फुकाचा नाहीये. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या ऑडिट फर्ममध्ये लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये घराघरातल्या मोबाइलवर फिरलं. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायचा सल्ला दिला होता, जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला. या सगळ्यात प्रत्येकजण ‘सायन्स असं सांगतं’ म्हणत होता. एक गोष्ट मात्र कोणीच सांगत नव्हतं. एखादी व्यक्ती कामामुळेच गेली की नाही, हे ताणावरचं कुठलंही संशोधन ठरवू शकत नाही. ते हजारो माणसांमधली शक्यता सांगतं, बस. आणि ती शक्यता कोणत्या कारणाला चिकटवायची, तिथे थिअरी लागते. थिअरी चुकली तर औषधही चुकतं. दोष कामाच्या रचनेत असेल आणि थिअरी म्हणाली ‘तुझा स्वभाव तापट’, तर योगा मॅट तुमच्या हातात आणि टार्गेट जिथल्या तिथे.

माकडं, खुर्च्या आणि सिगारेट

बॉसला अल्सर होतो, ही समजूत पक्की कोणी केली माहितेय? माकडांनी. १९५८ मध्ये अमेरिकेत जोसेफ ब्रेडी या शास्त्रज्ञाने माकडांच्या जोड्या खुर्च्यांत अडकवून बसवल्या. विजेचे झटके दोघांनाही, पण कळ एकाच्याच हाताशी. त्याने ती वेळेत दाबली की दोघांचा झटका टळायचा. हे कळवालं माकड म्हणजे ‘एक्झिक्युटिव्ह’. अल्सर त्यांनाच झाले, शेजारची ठणठणीत राहिली. झालं! जबाबदारीने पोट जळतं, असं जगभरच्या मासिकांनी छापलं.

गोची अशी, की माकडांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालीच नव्हती. आधीच्या चाचणीत जी भराभर कळ दाबत होती, त्यांनाच एक्झिक्युटिव्ह केलं गेलं. म्हणजे मुळातच जास्त अस्वस्थ माकडं एका बाजूला गेली असणार. पुढे जे वाइस यांनी वाटणी नशिबावर सोडून असाच प्रयोग उंदरांवर केला, तेव्हा निकाल नेमका उलटा लागला. ज्यांच्या हातात झटका टाळायचा उपाय होता, त्यांना अल्सर कमी. वर आणखी मजा म्हणजे माणसांतल्या बहुतेक अल्सरमागे एक बॅक्टेरिया निघाला, आणि तो दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं.

दुसरी लाडकी थिअरी ‘टाइप ए’. सतत घाईत, स्पर्धेत, चिडचिड करणारा माणूस हृदयविकाराकडे धावतो, हे सॅनफ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ मध्ये मांडलं. किस्सा मस्त आहे. त्यांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्या फक्त पुढच्या कडेलाच झिजत होत्या, कारण पेशंट कडेवर बसून चुळबुळायचे! नंतर त्यांनी तीन हजारांवर पुरुषांचा साडेआठ वर्षं पाठपुरावा केला आणि टाइप ए मंडळींना हृदयविकार दुप्पट दिसला. पण दुसऱ्यांनी पडताळल्यावर हवा निघायला लागली. १९८८ मध्ये तर त्याच अभ्यासातल्या हृदयविकार झालेल्या माणसांची पुढची वर्षं तपासली गेली, आणि टाइप एवाल्यांमध्ये मृत्यू उलट कमी सापडले. शिवाय या संशोधनाला तंबाखू कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे त्यांच्याच कागदपत्रांतून नंतर उघड झालं. साहजिक आहे ना! दोष स्वभावाचा ठरला की सिगारेट सुटली. ‘स्ट्रेस’ हा शब्द जगभर नेणाऱ्या हान्स सेल्ये यांनीही तंबाखूवाल्यांकडून निधी घेतला होता.

आणि ती स्लाइडवरची कमान? तिचं मूळ १९०८ सालचं. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना काळी आणि पांढरी पेटी ओळखायला शिकवताना किती जोराचा झटका दिला की ते लवकर शिकतात, हे पाहिलं होतं. त्यात ना ऑफिस होतं, ना अप्रेझल. ‘थोडं प्रेशर चांगलं असतं’ म्हणणाऱ्या मॅनेजरला हे जरूर सांगा. (अप्रेझल झाल्यावर सांगा.)

चार खणांमध्ये जालना

यापेक्षा वेगळ्या जातीची थिअरी रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकाची. १९७९ मध्ये त्याने स्वभावाला हातच लावला नाही, थेट कामाला लावला. त्याचे प्रश्न दोनच. कामाचा रेटा किती? आणि कामावर तुमची सत्ता किती, म्हणजे काम कसं, कधी, कुठल्या क्रमाने करायचं हे तुमच्या हातात किती? यातून चार खण होतात. रेटा जास्त आणि सत्ता जास्त तो सर्जनसारखा ‘अॅक्टिव्ह’ खण. रेटा जास्त आणि सत्ता कमी तो ‘हाय स्ट्रेन’, तोच धोक्याचा. पुढे यात सहकाऱ्यांच्या आधाराचा तिसरा मुद्दाही आला.

हा चौकोन डोक्यात घेऊन मी दिवाळीत जालन्याला गेले. माझं आजोळ तिकडचं. ‘जालना सोने का पालना’ म्हणायचे पूर्वी, आता सळई, बियाणं आणि मोसंबी या तीन गोष्टींनी गाव ओळखतात. एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या मिल्स, बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली महिको ही बियाणे कंपनी, आणि गावाबाहेर पडलं की बागा. थिअरी स्वीडन-अमेरिकेच्या आकड्यांवर बेतलेली. म्हटलं, बघू इथे बसते का. हे काही संशोधन नव्हे बरं का! फराळाच्या ताटाभोवतीची चौकशी फक्त.

आधी भाषेचाच घोळ. ‘तुझ्याकडे कंट्रोल किती?’ विचारलं तर आतेभाऊ म्हणाला, ‘बीपी कंट्रोलमध्ये आहे, शुगर बघायची राहिली.’ मग सरळ विचारलं, काम कसं करायचं ते तू ठरवतोस का? तो एका मिलमध्ये डिस्पॅच बघतो. म्हणाला, ‘मी काय ठरवणार? गाडी लागली की भरायची. पार्टीचा फोन, ड्रायव्हरची घाई, वजनकाट्यावर रांग. शिव्या मात्र सगळ्यांच्या मला.’ धोक्याच्या खणात चपखल बसला. वहिनी खासगी बँकेत आहे. तिचं टार्गेट वरून येतं, कस्टमर समोरून येतो, आणि मधे ती. त्याच खणात.

मामाने मात्र मला अडकवलं. त्याची मोसंबीची बाग. ‘पाणी कधी द्यायचं, फवारणी कधी करायची, माल कोणाला द्यायचा, सगळं मीच ठरवतो. मग मी तुझ्या चांगल्या खणात का? फळगळ झाली, भाव पडला, ते कुठल्या खणात टाकतेस?’ बरोबर होतं त्याचं. कारासेकची ‘सत्ता’ म्हणजे साहेब आणि नोकर यांच्यातली सत्ता. पाऊस आणि बाजार हे साहेब त्यात नाहीत. थिअरी पगारी माणसासाठी शिवलेली आहे, शेतकऱ्याच्या अंगाला ती होत नाही. मराठवाड्यात शेतकऱ्याच्या ताणाबद्दल बोलताना हा चौकोन घेऊन कोणी आलं, तर दोन पावलं मागे सरा.

आणि भट्टीसमोरचा कामगार? लालबुंद लोखंड चिमट्याने सरळ करणाऱ्या माणसाकडे रेटा प्रचंड, सत्ता शून्य. खण सांगायला क्षणही लागत नाही. पण उद्या त्याचं बीपी वाढलं, तर कारण तो खण, की ती धग, तो आवाज, रात्रपाळी, तुटपुंजा पगार, की पत्र्याच्या खोलीतली दुपारची झोप? ज्याच्या कामात सत्ता कमी, त्याच्या आयुष्यात बाकीही बरंच काही कमी असतं. ताणाच्या सगळ्या संशोधनाची ही दुखरी नस आहे.

म्हणूनच लंडनच्या सरकारी बाबूंचा अभ्यास इतका गाजला. मायकेल मार्मट यांच्या ‘व्हाइटहॉल टू’ अभ्यासात १९८५ पासून १०,३०८ कर्मचारी घेतले गेले. सगळे टेबलखुर्चीवाले, कायम नोकरीचे. भट्टी नाही, धूळ नाही. तरीही खालच्या हुद्द्यावर हृदयविकार जास्त, आणि १९९७ मध्ये आलेल्या विश्लेषणात त्या फरकाचा मोठा वाटा ‘कामावरची सत्ता कमी’ याच्याशी जुळला. एक्झिक्युटिव्ह माकडाची गोष्ट इथेही उलटली. साहेबापेक्षा शिपाई जास्त धोक्यात.

आकडा जितका चांगला, तितका छोटा

आता जरा आकडे, घाबरू नका. २००४ मध्ये ‘इंटरहार्ट’ नावाचा ५२ देशांचा अभ्यास आला, त्यात भारतही होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या ११ हजारांवर लोकांना आणि त्यांच्याशी तुलनेसाठी निवडलेल्या १३ हजारांवर लोकांना ताणाबद्दल विचारलं. ‘कामाचा ताण कायम होता’ म्हणणाऱ्यांमध्ये झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त दिसली. भारीच! पण प्रश्न कधी विचारला? झटका आल्यावर. आयसीयूमधून बाहेर आलेला माणूस मागे वळून कारण शोधणारच. त्याला बॉस आठवेल, रोजची चार वडापावांची प्लेट आठवणार नाही.

याउलट २०१२ मध्ये मिका किविमाकी आणि सहकाऱ्यांनी युरोपातले १३ अभ्यास एकत्र केले. जवळपास दोन लाख माणसं, सगळ्यांना प्रश्न आधी विचारलेले, आणि मग सरासरी साडेसात वर्षं वाट पाहिलेली. कारासेकच्या धोक्याच्या खणातल्यांना हृदयविकार जास्त झाला, पण किती? २३ टक्के. दुप्पट नाही. एकूण हजारात बाराएक जणांना तो झाला, धोक्याच्या खणात त्याहून दोन-तीन जास्त, असं धरा. सगळ्यांची नोकरी उद्या सुधारली तरी हृदयविकार ३.४ टक्क्यांनीच घटतील, असा त्यांचा हिशेब. म्हणजे हृदयासाठी सिगारेट सोडणं आजही कितीतरी मोठं काम आहे.

याच अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. आधी छापून आलेल्या आकड्यांत धोका ४३ टक्के जास्त दिसत होता. जे आकडे कपाटात पडून होते, कोणी छापलेच नव्हते, त्यांत फक्त १६ टक्के. सनसनाटी निकाल छापले जातात, फिके निकाल ड्रॉवरमध्ये राहतात. आपण मासिकवालेच असं करतो असं नाही हं.

तक्रारखोरीचाही एक सापळा आहे. २००२ मध्ये ५,६०६ स्कॉटिश पुरुषांचा एक अभ्यास आला. जास्त ताण आहे म्हणणाऱ्यांनी छातीत दुखतं हेही जास्त सांगितलं. मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या तर तिथे ताणाचा तसा ठसा नव्हताच. कारण त्या जमान्यात, त्या गटात ‘मला ताण आहे’ म्हणणारे जास्त करून वरच्या वर्गातले होते. ताणही स्वतःच सांगायचा आणि आजारही स्वतःच सांगायचा, तर दोन्हींचं जुळणारच. तेव्हा ‘इतके टक्के कर्मचारी तणावग्रस्त’ असा सर्व्हे दिसला की आधी बघा, दुसरं टोक कोणी मोजलंय का.

एवढी चाळणी लावूनही कारासेक शिल्लक राहतो, हे मात्र मान्य करायला हवं. छोटा आकडा, पण टिकलेला. त्याच्या शेजारी दुसरी थिअरी टिकते ती जर्मनीच्या योहानेस सीग्रिस्ट यांची, १९९६ ची. घाम आणि मोबदला यांचा तोल. मोबदला म्हणजे नुसता पगार नाही, मान आणि नोकरीची खात्रीसुद्धा. ९० हजारांवर लोकांच्या एकत्रित अभ्यासात तोल बिघडलेल्यांना हृदयविकाराचा धोका १६ टक्के जास्त निघाला.

जालन्याला ही थिअरी मला जास्त लागू वाटली. बीडसारखीच इथूनही दिवाळीच्या आसपास कुटुंबं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि आजारी पडून खाडा झाला तर त्याचे पैसे अंगावर. घाम, मोबदला, मान, खात्री... सीग्रिस्टची अख्खी यादी इथे एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसते. पण त्या ९० हजारांमध्ये असा एकही कोयता नव्हता, ते सगळे युरोपातले होते. लागू वाटणं वेगळं आणि मोजलेलं असणं वेगळं.

तासांबद्दलचा पुरावा त्यामानाने सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलं, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त. २०१६ या एका वर्षात जगभर ७ लाख ४५ हजार मृत्यू या कारणाने, असा त्यांचा अंदाज. अंदाजच तो, मोजणी नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे. ९० तासांच्या बाजूने असा एकही आकडा माझ्या वाचनात नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, तेव्हा जालन्याच्या मिल्समधून किती जणांना हे आकडे कोणी सांगितले असतील?

मग त्या बर्नआउट टेस्टचं काय?

बर्नआउट खोटं नाही. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांमध्ये, आणि स्वतःमध्येही, ते पाहिलं. क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ मध्ये त्याची मोजपट्टी केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं, आजार मात्र म्हटलं नाही. अडचण मोजण्यात आहे. डॉक्टरांमधल्या बर्नआउटवरचे १८२ अभ्यास २०१८ मध्ये तपासले गेले तर त्यांत बर्नआउटच्या निदान १४२ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या, आणि ग्रासलेल्या डॉक्टरांचं प्रमाण शून्यापासून ८० टक्क्यांपर्यंत! असा थर्मामीटर असता तर आपण घरात ठेवला असता का? तेव्हा ऑनलाइन टेस्टमध्ये १० पैकी ८ आले म्हणून राजीनामा टाइप करायला घेऊ नका. थकवा खरा असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरकडे जा. तो आकडा राहू दे.

राहिला दीर्घ श्वास. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची तुलना २०२४ मध्ये विल्यम फ्लेमिंग यांनी छापली. माइंडफुलनेस, रेझिलियन्स ट्रेनिंग, वेलनेस अॅप घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक जवळपास नाहीच. हा एका वेळचा फोटो आहे, त्यामुळे आधीच त्रासलेली मंडळीच तिकडे गेली असतील, अशी शंका उरते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने मात्र चिठ्ठ्या टाकून वेलनेस प्रोग्रॅम दिला. नुसतं बघितलं तर भाग घेणारे जास्त निरोगी दिसत होते. चिठ्ठीप्रमाणे तुलना केली तर बहुतेक बाबतींत पहिल्या वर्षी फरक नाही. निरोगी माणसंच नाव नोंदवायला पुढे आली होती.

माकडांपासून इथवर ज्याची वाट पाहत होतो, तो माणसांवरचा, चिठ्ठ्या टाकून केलेला, कामच बदलणारा प्रयोगही झालाय. तोही तुमच्या-माझ्यासारख्यांवर. अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीच्या आयटी विभागात एरिन केली आणि फिलिस मोएन या समाजशास्त्रज्ञांनी ५६ गटांची वाटणी केली. काही गटांना कधी आणि कुठून काम करायचं हे स्वतः ठरवायची मुभा मिळाली, बिनकामाच्या मीटिंग्ज कोणत्या हे गटानेच शोधायचं ठरलं, आणि मॅनेजर्सना टीममधल्या माणसांची विचारपूस करायला शिकवलं. कारासेकची सत्ता आणि आधार, दोन्ही. बर्नआउट आणि मानसिक त्रास कमी झाला, झोप सुधारली. हृदयाच्या धोक्यात सरसकट फरक पडला नाही, पण ज्यांचा धोका आधीच जास्त होता त्यांच्यात तो उतरला. २०२३ मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार, आयटीत साधारण पाच वर्षांनी तरुण झाल्याइतका. वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थांमध्ये असाच प्रयोग झाला, तिथे दहा वर्षांइतका.

प्रयोगाच्या मधेच ती आयटीवाली कंपनी दुसरीत विलीन होत असल्याची घोषणा झाली. नवे वरिष्ठ आले आणि काही काळाने त्यांनी हा प्रोग्रॅम बंद केला.